केस कोणाचे?



महिन्यापूर्वी व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले आणि म्हणाले, 'यंदा कामगारांच्या एखाद्या प्रश्नावर तुम्ही बोला.' आम्ही होकार दिला. त्यांची समजूत अशी की, आम्ही बोनसवर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलू. आम्ही चिठ्ठीवर विषय लिहून पाठवला, 'केस'. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला, 'कोणती केस? लेबर कोर्टातली की हायकोर्टातली?' आम्ही म्हटले, 'कोर्टातली नव्हे, डोक्यावरचे.' पलीकडे थोडा वेळ शांतता होती. चिटणीसांच्या स्वतःच्या डोक्यावर आता फारसे काही उरलेले नाही, तेव्हा त्यांना आम्ही थट्टा करतो आहोत असे वाटले असणे शक्य आहे. पण भल्या माणसाने विषय छापला, आणि आपण उन्हाळ्याच्या उकाड्यात एवढ्या संख्येने आलात. आता आमची जबाबदारी वाढली.

प्रथम एक गोष्ट कबूल केलेली बरी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून अशा व्यासपीठांवर पंडित बोलत आले आहेत. आमची शाळा सातवीला संपली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, नगर वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात झाले. त्यामुळे आमच्या बोलण्याला शास्त्रीय बैठक नसली तर ती रद्दीवाल्याची चूक समजावी.

हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. तो वीस वर्षे आमच्या मनात रुतून बसला आहे. २००६ सालची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत भारताचा संघ लाहोरला खेळत होता. सामना संपल्यावर बक्षीस समारंभात पाकिस्तानचे त्या वेळचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी महेंद्रसिंग धोनीला सर्वांदेखत सांगितले की, कोणी काही म्हणो, तू केस कापू नकोस, तुला शोभतात. धोनीचे केस तेव्हा मानेखाली रुळत असत. गावोगावच्या पोरांनी कंगवे उचलले. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, नाव सांगत नाही, आयटीआय झालेला बावीस वर्षांचा एक मुलगा ट्रेनी म्हणून लागला होता. लेथवर हात चांगला. त्याचेही केस खांद्याला टेकले. एके दिवशी पहिल्या पाळीला तो गेटवर आला तेव्हा सुपरवायझरने त्याला बाजूला काढले. 'या झिपऱ्या उतरवून ये. तोवर गेट पास नाही.' तीन दिवस मुलगा गेटपर्यंत येऊन परत गेला. तीन दिवसांचा पगार बुडाला. चौथ्या दिवशी तो युनियनच्या कचेरीत आला.

आम्ही विचारले, 'नवस आहे का रे?'

'नाही.'

'घरात काही रीत? घराणे देवाचे वगैरे?'

'नाही, भाऊ.'

'मग ठेवलेस कशाला?'

'मला आवडतात.'

आम्ही हसलो. खरे सांगायचे तर आमच्या हाताशी या उत्तरासाठी कोणतेही कलम नव्हते. त्याच आठवड्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू होती. साडेतीनशे माणसांची भाकरी एका बाजूला आणि एका पोराचे केस दुसऱ्या बाजूला. मालकाच्या हातात भांडणाला निमित्त देऊ नये असा आम्ही हिशेब केला. म्हटले, 'अरे, कापून टाक. केस महिन्याला अर्धा इंच वाढतात, गेलेली नोकरी वाढत नाही.' हे वाक्य त्या वेळी आम्हांस फार शहाणपणाचे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी मुलगा चकोट करून आला. थोडे कमी केले असते तरी चालले असते, पण त्याने एकही केस ठेवला नाही. आपल्याकडे तरणा मुलगा चकोट करून कामावर आला म्हणजे लोक काय विचारतात ते आपण जाणता. डबा खायच्या सुट्टीत जो तो येऊन हळू आवाजात विचारी, 'कोण गेले?' त्याचे वडील धडधाकट, गावी शेतात काम करीत होते. मुलगा कोणालाही उत्तर देईना. संध्याकाळी तो आमच्यापाशी आला आणि एवढेच म्हणाला, 'भाऊ, मालकाने केस मागितले, आणि तुम्ही काढून दिलेत.' पुढे तो कायम झाला, वर्गणी वेळेवर देत राहिला, पण सभेला म्हणून आला नाही.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचे जे मिळेल ते वाचत आलो. पहिला प्रश्न असा पडला की, त्या पोराने 'आवडतात' याऐवजी 'देवाचे आहेत' असे सांगितले असते तर आम्ही लढलो असतो का? बहुधा लढलो असतो. मग देव पाठीशी नसलेल्या माणसाला डोके नसते काय?

देव पाठीशी असलेल्यांची लढाई पाहायची तर इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टन या गावी जावे लागते. हा भाग लोखंडाच्या ओतशाळांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे हात कमी पडू लागले आणि पंजाबातून माणसे गेली. त्यांत शीख पुष्कळ. आता शिखाचे केस म्हणजे धर्माच्या पाच खुणांतली पहिली खूण, त्याला कात्री लावायची नाही. पण पहिल्या फळीतले कितीतरी शीख तेथे पोचल्यावर न्हाव्याकडे गेले. केसांसकट काम मिळत नव्हते. कोणी आधी गेलेल्या नातेवाइकानेच सल्ला दिला असेल, कापून टाक, नोकरी महत्त्वाची. म्हणजे आमचाच सल्ला. परक्या देशात, आरशासमोर, स्वतःच्या हाताने ओळख उतरवून ही माणसे ओतशाळेत उभी राहिली. त्याची नोंद कोणत्याही हजेरीपुस्तकात सापडायची नाही.

पुढे पोटाची सोय लागली, बायकामुले आली, गुरुद्वारे उभी राहिली, तेव्हा काहींना वाटू लागले की केस पुन्हा ठेवावेत. तर्सेमसिंग संधू हा तेथल्या नगरपालिकेच्या बसवर चालक होता. नोकरीला लागला तेव्हा गुळगुळीत दाढी केलेला. १९६७ साली आजारपणाच्या रजेवर गेला आणि परत आला तो दाढी वाढवून, पगडी बांधून. परिवहन खात्याचा नियम असा की, चालक-वाहकाची दाढी केलेली असावी आणि डोक्यावर गणवेशाची टोपी असावी. संधूला घरी पाठवले. खात्याचे म्हणणे साधे होते: नोकरीत आलास तेव्हा नियम ठाऊक होता, तो तू मान्य केलास, आता तक्रार कसली? मित्रहो, हा युक्तिवाद आम्ही प्रत्येक मालकाच्या तोंडून ऐकला आहे. भुकेल्या माणसाने दारात उभे राहून जी सही केली ती पोट भरल्यावरही त्याला बांधून ठेवते, असा त्याचा अर्थ.

मौज अशी की, जवळच्याच बर्मिंगहॅममध्ये पगडीवाले शीख बस चालवीत होते आणि बस वेळेवर पोचत होत्या. मँचेस्टरमध्ये ग्यानी सुंदरसिंग सागर यांनी १९५९ साली बसवर वाहकाच्या कामासाठी अर्ज केला होता. गणवेशाच्याच निळ्या रंगाची पगडी बांधतो, तिच्यावर तुमचा बिल्ला लावतो, असेही ते सांगत होते. त्यांना जवळजवळ सात वर्षे भांडावे लागले. १९६६ साली तेथला नियम बदलला, पण तोवर वाहक म्हणून लागण्याचे त्यांचे वय निघून गेले होते. दोन महायुद्धांत याच इंग्रजांच्या निशाणाखाली पगडी बांधलेले शीख लढले आणि मेले, तेव्हा कोणी त्यांना टोपीचा नियम दाखवला नाही. मरण्यासाठी पगडी चालते, तिकिटे फाडण्यासाठी चालत नाही!

वुल्व्हरहॅम्प्टनचे प्रकरण जवळजवळ पावणेदोन वर्षे चालले. फेब्रुवारी १९६८ मध्ये हजारो शिखांनी त्या गावात मोर्चा काढला. गावाच्या एका भागाचे खासदार होते इनॉक पॉवेल. त्यांनी त्याच वर्षी २० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये परदेशी वस्तीविरुद्ध जे कुप्रसिद्ध भाषण केले त्यात या शिखांच्या मागणीचाही समाचार घेतला. एका चालकाच्या दाढीचा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. इकडे दिल्लीतही निदर्शने झाली. शेवटी सोहनसिंग जॉली नावाच्या पुढाऱ्याने जाहीर केले की, नियम उठला नाही तर आपण स्वतःला जाळून घेऊ. एप्रिल १९६९ मध्ये नगरपालिकेने नियम मागे घेतला. आपण हे मनापासून करीत नाही, दबावामुळे करतो, हे लपवण्याचीही तिने तसदी घेतली नाही.

आम्ही हे वाचले तेव्हा आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. ही लढाई लढली कोणी? गुरुद्वाऱ्यांनी आणि शिखांच्या मंडळांनी. बसवाल्यांच्या युनियनने ती आपली मानून लढवली नाही. तेथली कामगार चळवळ आमच्यापेक्षा किती जुनी, किती बळकट! तरी तिलाही वाटले असावे की, हा पगाराचा प्रश्न नाही, तासांचा नाही, हा त्यांचा घरगुती मामला आहे. त्यामुळे एका कामगाराला आपल्या डोक्यासाठी एका म्हाताऱ्याच्या आत्मदहनाच्या धमकीपर्यंत जावे लागले. आम्ही त्या युनियनला नावे ठेवणार नाही. आमच्या कचेरीत पोर आले होते तेव्हा आम्ही काय केले ते आताच सांगितले आहे.

आता देव पाठीशी नसलेल्यांकडे येऊ.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मेकन नावाचे गाव आहे. १९७० साली तेथील 'मेकन टेलिग्राफ' या वृत्तपत्रात जाहिरातींची मांडणी करणाऱ्या चित्रकाराची जागा होती. एका तरुणाने अर्ज केला. काम येत होते, पण केस लांब. त्या उन्हाळ्यात जवळच्याच एका गावी मोठा संगीत मेळा भरला होता, लांब केसांच्या पोरांची तोबा गर्दी झाली होती आणि गावातल्या प्रतिष्ठितांना त्याची शिसारी बसली होती. वृत्तपत्राचे म्हणणे असे की, जाहिरात देणारी गिऱ्हाइके असल्या माणसाला पाहून बिथरतील. तरुण कोर्टात गेला. त्याचा मुद्दा सरळ होता: एवढेच केस असलेल्या बाईला तुम्ही नोकरी दिली असती, मला पुरुष म्हणून नाकारता, हा स्त्रीपुरुष भेद आहे. अपिलात तीन न्यायाधीशांपुढे तो जिंकला. मग त्याच न्यायालयाने पूर्ण पीठ बसवले आणि १९७५ साली तो हरला. न्यायालय म्हणाले, माणसाला आपली जात, वर्ण, लिंग बदलता येत नाही. केस बदलता येतात. धंदा कसा चालवावा हा मालकाचा प्रश्न. नियम पटत नसेल तर माणसाने दुसरीकडे काम शोधावे.

'दुसरीकडे काम शोधावे!' न्यायमूर्तींच्या गावात कामे झाडाला लागत असावीत.

इंग्लंडात असाच एक माणूस सेफवे नावाच्या मोठ्या किराणा दुकानात खाद्यपदार्थांच्या खिडकीवर काम करीत होता. त्याने केसांची मागे शेपटी बांधली होती. ती वाढत वाढत टोपीत मावेनाशी झाली आणि १९९२ साली त्याला काढले. खाण्याच्या पदार्थांत केस पडू नये हे कोणालाही मान्य होईल. पण दुकानाचा नियम पाहा. त्याच खिडकीवर काम करणाऱ्या बाईचे केस खांद्यापर्यंत असले तर तिने ते मागे बांधावेत. पुरुषाचे केस कॉलरच्या खाली जाताच कामा नयेत. म्हणजे बाईचा केस बांधला की पदार्थात पडत नाही आणि पुरुषाचा बांधला तरी पडतो! हा माणूस पहिल्या न्यायाधिकरणात हरला, अपिलात जिंकला आणि १९९६ साली वरच्या न्यायालयात पुन्हा हरला. न्यायालयाने सांगितले की, स्त्री आणि पुरुष या दोघांकडूनही रूढीला धरून नीटनेटकेपणा मागितला आहे, एकावर अन्याय नाही. रूढी म्हणजे काय, तर बाईचे केस लांब आणि पुरुषाचे आखूड.

ही रूढी किती वर्षांची हो? आमचे आजोबा शेंडी ठेवीत, डोक्याचा घेरा करीत. आमच्या वडिलांनी तालुक्याला जाऊन इंग्रजी पद्धतीने केस कापले तेव्हा आजोबांनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणे टाकले होते. त्या काळी कापणे हा गुन्हा होता, आता न कापणे हा गुन्हा. मधल्या मधे न्हाव्याचा धंदा तेवढा बदलला.

अमेरिकेतली आणखी एक हकीगत सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या जातीच्या माणसाची आहे. न्यूयॉर्क राज्यातील सफोक परगण्यात पोलिसांच्या केसांची, कल्ल्यांची, मिशांची लांबी ठरवणारा नियम १९७१ साली निघाला. त्याविरुद्ध कोर्टात गेला तो पोलिसांच्या संघटनेचा अध्यक्ष. स्वतःसाठीही गेला आणि सभासदांसाठीही. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्याच्या विरुद्ध. बहुमताचे म्हणणे असे की, पोलीस लोकांना चटकन ओळखू यावेत आणि त्यांच्यात एकोपा राहावा यासाठी असा नियम करता येतो. दोन न्यायमूर्ती मात्र वेगळे राहिले. त्यांतले मार्शल यांनी विचारले की, अंगावर पूर्ण गणवेश असलेला पोलीस केस कानावर आले म्हणून ओळखू कसा येणार नाही? संघटना हरली. पण तो अध्यक्ष आपल्या सभासदाला 'कापून टाक' असे म्हणाला नाही, हे आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवले आहे.

आता आपणांपैकी जे कारखान्यात काम करतात ते मनात म्हणत असतील की, भाऊ, हे सारे ठीक, पण यंत्राचे काय? बरोबर आहे. यंत्राशी आम्ही थट्टा करीत नाही. ड्रिलचा स्पिंडल फिरतो आहे, माणूस खाली वाकून पाहतो आहे, आणि एक बट त्याला गुंडाळली तर यंत्र थांबवायला हात पोचत नाही, डोक्याची कातडी निघून येते. खेड्यात मळणी यंत्रात पदर किंवा वेणी अडकून बाया जायबंदी झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेथे कोणी स्वातंत्र्याची भाषा करू लागला तर आम्हीच त्याला गेटबाहेर काढू.

पण यात एक मेख आहे. वेणी अडकते म्हणून बायांनी चकोट करावे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. केस बांधा, टोपी घाला, यंत्राला जाळी बसवा, हेच सांगतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत बायका कामाला आल्या. व्हेरॉनिका लेक नावाची नटी डोळ्यावर एक बट सोडून केस मोकळे ठेवीत असे आणि कामगार बाया तिची नक्कल करीत. सरकारने तिला विनंती केली आणि तिने केस वर बांधून दाखवले. युद्ध चालू असतानाही कोणी कात्री काढली नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे बावीसाव्या कलमात होते, आणि पुढे कंसात होते की, हे कपडे मालकाने पुरवावेत. तो कंस आम्हांला फार आवडतो. धोका यंत्राचा आहे, यंत्र मालकाचे आहे, तेव्हा बंदोबस्ताचा खर्चही त्याचाच. 'केस काप' म्हटले म्हणजे हा खर्च वाचतो. टोपीला पैसे पडतात, हुकमाला काही पडत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही स्वतः दोन मनांचे आहोत हेही सांगून टाकतो. इंग्लंडात १९८९ साली कायदा झाला की, पगडी बांधणाऱ्या शिखावर इमारतीच्या कामावर हेल्मेटची सक्ती नाही. २०१५ साली ही सूट जवळजवळ सगळ्या कामाच्या जागांना लागू केली. पण त्याबरोबर अशी अट आहे की, अपघात झाला तर भरपाई फक्त तेवढ्याच इजेची मिळेल, जी हेल्मेट असते तरी झाली असती. बाकीची ज्याची त्याने सोसावी. एकीकडे वाटते, प्रौढ माणसाने समजून उमजून पत्करलेली जोखीम आहे. दुसरीकडे, परातीवरून विटा पडताना आम्ही पाहिल्या आहेत, आणि अपघातानंतर भरपाईच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या विधवा पाहिल्या आहेत. यावर आमचे मत अजून ठरलेले नाही.

बरे, त्या पोराच्या कारखान्यात प्रश्न यंत्राचा होता का? पुढे आम्ही चौकशी केली. डिझाइन विभागात मालकांचा एक भाचा बसत असे. परदेशात शिकून आलेला. त्याची शेपटी आमच्या पोरापेक्षा चार बोटे लांब. तो दिवसातून दोनदा शॉपमध्ये उतरे, चालू यंत्रांमधून फिरे, आणि तोच सुपरवायझर त्याच्या मागून अदबीने चाले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिचा उपयोग आपल्या मुलांना होईल. सुपरवायझर शहाणा असला तर आरोपपत्रात केसांचा शब्दही लिहीत नाही. तो लिहितो, 'वरिष्ठाचा हुकूम मोडला.' १९४६ च्या कायद्याखालच्या नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तनांची यादी होती, तिच्यात पहिलेच कलम हे. पण त्या कलमात हुकमाला दोन विशेषणे जोडलेली होती: हुकूम कायदेशीर हवा आणि वाजवी हवा. साऱ्या भांडणाची जागा ही दोन विशेषणे. टोपी घाल हा हुकूम वाजवी. टोपी घालूनही केस काप, हा कसा वाजवी ते मालकाने सिद्ध करावे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली ग्लॅक्सो कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, जे गैरवर्तन स्थायी आदेशांच्या यादीत नाही त्याबद्दल शिक्षा करता येत नाही. २००६ साली आम्हांला हा निकाल ठाऊक असता तर? ठाऊक होता, हीच तर गोष्ट आहे. आठवला नाही, कारण आम्ही हसत होतो.

आता ती यादीच अनेक ठिकाणांहून जाणार आहे. मूळ कायद्यात शंभर कामगार असले की स्थायी आदेश लागत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने हा आकडा तीनशेवर नेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आपल्या वसाहतीत तीनशेच्या वर माणसे असलेले कारखाने बोटांवर मोजावेत. बाकीच्या ठिकाणी कोणता गुन्हा आणि कोणता नाही, हे मालकाच्या मर्जीवर आणि कामगारांच्या एकीवर राहणार. केसांचे सोडा, इतर सगळ्याच गोष्टींचे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, तुम्ही तर पुरोगामी म्हणवता आणि जटा राखण्याची वकिली करता. मरीआईच्या पोतराजाला केस कापायचे नसतात. ते केस डोक्यावर घेऊन तो दारोदार अंगावर आसूड ओढीत फिरतो. बाबासाहेबांनी १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, जोगतिणी यांना जमवून हा जन्म सोडा असे सांगितले. ज्या पोतराजाने त्यानंतर केस उतरवले त्याच्या डोक्यावरून ओझे उतरले, असेच आम्ही मानतो. पण ते त्याने उतरवले. कोणा मुकादमाने गेटवर उभे राहून उतरवायला लावले नाहीत. हा फरक ज्याला दिसत नाही त्याला आमच्या विषयातले काहीच दिसायचे नाही.

आणि केसांच्या बाबतीत सक्ती नाकारणारे कामगार आपल्या मुंबईतच होऊन गेले. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण ऐकले असेल. जोतीरावांचे अनुयायी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक, गिरणी कामगारांचे आपल्या देशातले पहिले संघटक. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. आज रविवार आहे, आपण घरचे जेवून सावकाश इथे आलात, त्यात त्यांचा वाटा आहे. त्याच सुमारास लोखंड्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र केले. त्या काळी उच्चवर्णीय घरात नवरा मेला की बाईचे केशवपन करीत. बाई रडत असे, आणि वस्तरा चालवणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळत. नाभिकांनी सभा भरवून ठरवले की, यापुढे आम्ही विधवेच्या डोक्यावर वस्तरा धरणार नाही.

मित्रहो, यात त्यांचा लाभ काय होता? पगारवाढ नाही, तास कमी नाहीत, उलट गिऱ्हाईक तुटले. हातावर पोट असलेल्या माणसांनी परजातीच्या बाईच्या केसांसाठी आपली मजुरी सोडली. आम्ही त्या रात्री हे वाचत होतो तेव्हा त्या पोराचा चकोट डोळ्यांपुढे आला आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

पुढची हकीगत लहान आहे. चार वर्षांनी करार संपला. नव्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले. यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रीपुरुष सर्वांनी केस पूर्ण झाकतील अशी टोपी घालावी, टोपी कंपनीने वर्षाला दोन द्यावी, आणि केसांच्या लांबीबद्दल कोणताही नियम असू नये. मालकांचे वकील पहिल्या दिवशी हसले. नेमके आमच्यासारखेच हसले. आमच्याच कमिटीतले दोघे कुरकुरले की, भाऊ, याच्यासाठी बोलणी अडवायची का? आम्ही म्हटले, अडवू नका, पण सोडूही नका. शेवटच्या बैठकीत, कँटीनच्या दरावर तडजोड झाली तेव्हा, वकिलांनी कंटाळून ते कलम मान्य केले. टोप्या मात्र वर्षाला एकच.

करारावर सह्या झाल्या त्या दिवशी गेटवर सभा होती. कलमे वाचून दाखवताना आम्ही टोपीच्या कलमापाशी आलो आणि गर्दीत पाहिले. मुलगा मागे सायकल स्टँडपाशी उभा होता. सभा संपल्यावर तो पुढे आला, करार हातात घेतला, ते कलम दोनदा वाचले आणि म्हणाला, 'एकच टोपी? धुवायला टाकली की काय करायचे, भाऊ?' पुढच्या रविवारी तो कमिटीच्या बैठकीला आला. आता तो चाळिशी ओलांडून गेला आहे, कमिटीचा खजिनदार आहे, आणि त्याला टक्कल पडले आहे. दुसऱ्या टोपीसाठी तो अजून भांडतो आहे.